कॉर्डच्या आतलं स्केल दाखवणारा तक्ता

गिटारचे तक्ते साधारण दोन जातींचे असतात. एका जातीत नुसत्या कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे सूर: छोट्या चौकटी, सहा उभ्या रेघा, काळे ठिपके. दुसऱ्या जातीत नुसती स्केल, म्हणजे ओळीनं वाजवायचे सूर: आडवा फ्रेटबोर्ड (गिटारच्या मानेची बोटं दाबायची पट्टी) आणि त्यावर पेंटॅटॉनिकचे, म्हणजे पाच सुरांच्या स्केलचे, पाच पॅटर्न. शिकणारा दोन्ही तक्ते भिंतीवर लावतो आणि त्याच्या डोक्यात दोन वेगवेगळे फ्रेटबोर्ड तयार होतात, एक साथीचा आणि एक सोलोचा. साथ करताना हात पहिल्या तीन फ्रेटमध्ये (मानेवरच्या धातूच्या दांड्यांमधल्या जागांत), सोलो म्हटलं की थेट पाचव्या फ्रेटवर उडी. या दोन जागांचं एकमेकींशी नातं काय, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. मी गिटार शिकवते, आणि ही फूट मला जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाजवण्यात दिसते. ती सांधायचा प्रयत्न करणारा एक तक्ता सध्या मी शिकवताना वापरते आहे, त्याच्याबद्दल सविस्तर लिहिते. कंपनीचं नाव देत नाही. अशाच आखणीचं साहित्य वेगवेगळ्या नावांनी मिळतं आणि मला आखणीबद्दलच बोलायचं आहे.

तक्ता दोन्ही बाजूंनी छापलेला आणि लॅमिनेट केलेला आहे. एका बाजूला कॉर्डच्या चौकटी. दुसऱ्या बाजूला पूर्ण रुंदीचा आडवा फ्रेटबोर्ड, मोकळ्या तारांपासून १७व्या फ्रेटपर्यंत, आणि त्यावर ए मायनर पेंटॅटॉनिकचे सगळे सूर: ए, सी, डी, ई, जी. सोबत पाच पारदर्शक फिल्म येतात. प्रत्येक फिल्मवर एका कॉर्डचा आकार त्याच मापात छापलेला असतो: सी, ए, जी, ई आणि डी. मोकळ्या तारांवर आपण ज्या पाच मेजर कॉर्ड पहिल्यांदा शिकतो, त्याच या. फिल्म फ्रेटबोर्डवर ठेवायची, डावी-उजवीकडे सरकवायची आणि कॉर्डचे ठिपके स्केलच्या ठिपक्यांवर नेमके बसतात ती जागा शोधायची.

आता ही सरकवासरकवी प्रत्यक्षात काय शिकवते ते बघा. जी आकाराची फिल्म ५व्या ते ८व्या फ्रेटवर आणली की तिचे सहाच्या सहा ठिपके पहिल्या पॅटर्नच्या सुरांवर बसतात. सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर ८वा फ्रेट, पाचवीवर ७वा, चौथी, तिसरी आणि दुसरी या तिन्हींवर ५वा, पहिलीवर पुन्हा ८वा. ही झाली सी मेजर कॉर्ड, जी आकारातली. अशी पूर्ण पकड फारसं कोणी वाजवत नाही, बोटं खूप ताणावी लागतात. पण ती तिथे आहे हे एकदा दिसलं की पहिला पॅटर्न नुसता ठिपक्यांचा जिना राहत नाही. यातले कोणते सूर सी कॉर्डचे, म्हणजे कोणत्या सुरांवर थांबलं तर घर मिळेल, ते डोळ्यांना दिसायला लागतं.

पुढे सरका. ई आकाराची फिल्म ८व्या फ्रेटवर ठेवली की दुसरा पॅटर्न. डी आकार १०व्या फ्रेटपासून, तिसरा पॅटर्न. सी आकार १२व्यापासून, चौथा. ए आकार १५व्यावर, पाचवा. तोच ए आकार खाली ३ऱ्या फ्रेटवरही बसतो, कारण १२ फ्रेट ओलांडले की सगळं चित्र पहिल्यापासून सुरू होतं. पाच आकार, पाच पॅटर्न आणि सगळीकडे एकच कॉर्ड: सी. फिल्म एकामागून एक ठेवताना प्रत्येक आकार जिथे संपतो तिथूनच पुढचा सुरू होतो, हे विद्यार्थी स्वतःच्या हातांनी करून बघतो. हे मी फळ्यावर कितीही रंगीत खडूंनी काढलं तरी इतकं पक्कं बसत नाही. या तक्त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू हीच. ज्या कोणी ही फिल्मची कल्पना लढवली त्यांनी गिटार शिकवलेली असणार, नुसती वाजवलेली नव्हे.

आता एक प्रश्न लगेच येतो आणि माझ्याकडे येणाऱ्या एका चौकस मुलीनं तो विचारलाही: “ताई, स्केल ए मायनरचं आणि फिल्म सी मेजरची, असं कसं?” प्रश्न अगदी रास्त आहे आणि तक्त्यावर त्याचं उत्तर एका ओळीतही दिलेलं नाही. उत्तर असं की ए मायनर पेंटॅटॉनिक आणि सी मेजर पेंटॅटॉनिक यांचे सूर तेच पाच आहेत. फरक फक्त घर कुठे मानायचं याचा. तक्त्यावर ए लाल रंगात आणि सी हिरव्या रंगात छापला आहे तो याचसाठी, पण नवख्याला ते कळणार कसं?

मी हे समजावताना आपल्या सरगमकडे वळते, कारण ज्यांच्या कानावर राग पडले आहेत त्यांना ते क्षणात उमगतं. सीला सा माना आणि हेच पाच सूर वाजवा: सा रे ग प ध, भूपाचे सूर. आता ए हा सा माना: सा, कोमल ग, म, प, कोमल नि. धानीचे सूर. ईला सा मानलं तर मालकंसाचे सूर हाती येतात, जीला मानलं तर दुर्गेचे, डीला मानलं तर मधुमाद सारंगाचे. गाणारे आणि सतारिये याला मूर्च्छना म्हणतात. रागाचं चलन, न्यास, मिंड हे सगळं अर्थातच निराळं, नुसत्या पाच सुरांनी राग होत नाही. पण षड्ज हलवला की त्याच सुरांचा चेहरा बदलतो, ही गोष्ट तक्त्यावरच्या लाल आणि हिरव्या ठिपक्यांत दडलेली आहे. विद्यार्थ्याला मी एवढंच करायला लावते: फोनवर ए सुराचा तानपुरा किंवा एखादा सलग नाद लावायचा आणि पहिला पॅटर्न सावकाश वाजवायचा. मग नाद सीवर न्यायचा आणि बोटं अजिबात न बदलता तोच पॅटर्न पुन्हा वाजवायचा. तक्त्यावरची हिरवी-लाल भानगड तिथे कानाला कळते. मराठीतून शिकवणाऱ्या कोणीही हा प्रयोग जरूर करून बघावा.

मायनर आकारांच्या फिल्म मात्र या संचात नाहीत, आणि ही मला सगळ्यात जास्त खुपणारी उणीव आहे. स्केलला नाव ए मायनरचं द्यायचं आणि ए मायनर कॉर्डच ठेवता येऊ नये, हे बरोबर नाही. उपाय सोपा आहे. कोरी पारदर्शक फिल्म घ्या, कायमच्या मार्करनं त्यावर ई मायनर, ए मायनर आणि डी मायनर असे तीन आकार काढा. ई मायनरचा आकार ५व्या फ्रेटवर ठेवला की पहिल्या पॅटर्नमध्ये ए मायनरची नेहमीची बार कॉर्ड दिसते: तर्जनी ५व्या फ्रेटवर आडवी, पाचव्या आणि चौथ्या तारेवर ७वा फ्रेट. डी मायनरचा आकार दुसऱ्या पॅटर्नमध्ये बसतो, चौथ्या तारेच्या ७व्या फ्रेटपासून. ए मायनरचा आकार १२व्या फ्रेटवर, म्हणजे चौथ्या पॅटर्नमध्ये. हे तीन आकार हाताशी असले तर साथ करता करता मध्येच चार सुरांची तान घ्यायची आणि पुन्हा कॉर्डवर यायचं, हे हात न उचलता जमतं. माझ्या मते पेंटॅटॉनिक शिकण्याचा पहिला खरा आनंद इथेच आहे, वेगात नाही.

तक्त्यावरचे फ्रेट सगळे सारख्या रुंदीचे आहेत. खऱ्या गिटारवर तसं नसतं. प्रत्येक पुढचा फ्रेट आधीच्यापेक्षा अरुंद होत जातो आणि १२वा फ्रेट तारेच्या लांबीच्या बरोबर मध्यावर येतो. तारेची लांबी ६५० मिलिमीटर असेल तर पहिल्या फ्रेटची जागा साधारण ३६ मिलिमीटर आणि १२व्याची साधारण १९ मिलिमीटर. जवळजवळ निम्मी! काही जण याला तक्त्याची चूक म्हणतील. मला ती अटळ तडजोड वाटते, कारण फ्रेट खऱ्या प्रमाणात काढले असते तर फिल्म एकाच जागी बसली असती, सरकवता आलीच नसती. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवा. तक्त्यावर सारखे दिसणारे पॅटर्न हाताला सारखे लागत नाहीत. ज्यांचा हात लहान आहे किंवा करंगळी अजून पोचत नाही, त्यांना मी पहिला पॅटर्न ५व्या फ्रेटवर न देता ९व्या किंवा १०व्या फ्रेटवर देते. तिथे तो सी शार्प मायनर किंवा डी मायनर होतो, आकार तोच आणि ताण बराच कमी. हात सैलावला की एकेक फ्रेट खाली यायचं.

पहिल्या पॅटर्नसाठी बोटांचे आकडे छापले आहेत: ५व्या फ्रेटला तर्जनी, ७व्याला अनामिका, ८व्याला करंगळी. योग्य आहेत. तिसऱ्या पॅटर्नला मात्र आकडेच नाहीत, आणि गरज तिथेच होती. तो पॅटर्न चौथ्या तारेपर्यंत १० आणि १२ या फ्रेटांवर शांतपणे चालतो, तिसऱ्या तारेवर अचानक ९ आणि १२ होतो, दुसऱ्यावर १० आणि १३, आणि पहिलीवर पुन्हा १० आणि १२. हात एक फ्रेट मागे न्यायचा, मग पुढे. तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेवर तर्जनी आणि करंगळी वापरा, ताण बोटांवर न घेता सगळा पंजा हलू द्या. हे कोणी न सांगितल्यामुळे बरेच जण तिसऱ्या पॅटर्नला कंटाळून पहिल्यातच राहतात.

हा खळगा येतो कुठून, हेही तक्ता सांगत नाही. गिटारच्या शेजारशेजारच्या तारांमध्ये पाच-पाच फ्रेटचं अंतर असतं, म्हणजे सहाव्या तारेच्या ५व्या फ्रेटवर पाचव्या मोकळ्या तारेचा सूर मिळतो. तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेत मात्र हे अंतर चार फ्रेटचं आहे. ट्यूनिंग करताना म्हणूनच तिथे ४था फ्रेट दाबावा लागतो. परिणाम असा की कोणताही आकार जाड तारांकडून बारीक तारांकडे नेताना तिसरी तार ओलांडली की तो एक फ्रेट पुढे सरकतो. ई आकार, ए आकार आणि डी आकार एकाच घराण्यातले असूनही वेगळे दिसतात ते याच कारणानं. ई कॉर्डचा साचा एक तार खाली, बारीक तारांकडे सरकवा, दुसऱ्या तारेवर पडणारं बोट एक फ्रेट वर न्या, ए कॉर्ड तयार. आणखी एक तार खाली, पुन्हा तीच दुरुस्ती, डी कॉर्ड. हे एक वाक्य छापलं असतं तर पाच पॅटर्न पाठ करण्याचं ओझं निम्म्यानं उतरलं असतं. तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेच्या मध्ये मार्करनं एक ठळक रेघ मारून ठेवा, फार उपयोगी पडते.

पेंटॅटॉनिकमध्ये काय नाही, हेही शिकणाऱ्याला कळायला हवं. सी मेजरच्या सात सुरांतून एफ आणि बी काढले की हे पाच उरतात. मेजर स्केलमध्ये अर्ध्या सुराची दोन अंतरं असतात, ई–एफ आणि बी–सी. एफ आणि बी वगळल्यावर ती दोन्ही जातात, त्यामुळे उरलेले सूर एकमेकांना टोचत नाहीत. नवख्याला पहिल्याच दिवशी सोलो वाजवल्यासारखं वाटतं ते यामुळे. पण साथीला एफ मेजर कॉर्ड आली तर तिचा एफ आपल्याजवळ नाही, ए आणि सी आहेत. जी मेजर आली तर बी नाही, जी आणि डी आहेत. म्हणजे ए मायनर, जी, एफ अशी साथ चालू असताना थांबायच्या जागा बदलत राहतात. मी विद्यार्थ्यांना प्रत्येक कॉर्डच्या पहिल्या मात्रेवर त्या कॉर्डमधलाच सूर वाजवायला सांगते, बाकी मात्रांवर मोकळीक. तक्त्यावर धुऊन जाणाऱ्या मार्करनं खुणा करता येतात, त्यामुळे एफसाठी ए आणि सीला गोल करायचे, सराव झाला की पुसायचे. लॅमिनेशनचा हा उपयोग मला फार आवडला.

तक्त्यावर न छापलेला, पण तक्ता समोर असताना सहज सापडणारा एक सराव सांगते. पहिल्या पॅटर्नमध्ये तिसऱ्या तारेचा ७वा फ्रेट म्हणजे डी आणि दुसऱ्या तारेचा ५वा फ्रेट म्हणजे ई. दुसऱ्या तारेवरचा ई आधी वाजवा, कानात ठेवा. मग तिसऱ्या तारेवरचा डी ओढून त्या ईपर्यंत न्या. बेंड सुरात लागला की नाही याचा निवाडा तिथल्या तिथे होतो. दुसऱ्या तारेच्या ८व्या फ्रेटवरचा जी ओढून पहिल्या तारेच्या ५व्या फ्रेटवरच्या ए इतका करा, तीच परीक्षा. अनामिकेनं ओढताना मागे मधलं बोट आणि तर्जनी टेकलेली असू द्या, आणि जोर मनगटातून येऊ द्या. अकूस्टिक गिटारवर तिसरी तार बहुधा गुंडाळीची असते आणि ती ओढायला जड जाते, तेव्हा तिथे दुसऱ्या तारेपासून सुरुवात करावी.

आता कॉर्डची बाजू. इथे मी तितकी खूश नाही.

कॉर्ड अक्षरानुक्रमे लावल्या आहेत. ए, ए मायनर, ए सेव्हन, मग बी. शोधायला सोयीचं, शिकायला नाही. शिकताना लागते ती शेजाऱ्यांची ओळख. सीवरून ए मायनरला जाताना फक्त अनामिका हलते, पाचव्या तारेच्या ३ऱ्या फ्रेटवरून तिसऱ्या तारेच्या २ऱ्या फ्रेटवर. तर्जनी आणि मधलं बोट जागच्या जागी. ए मायनरचा अख्खा साचा एक तार वर, जाड तारांकडे नेला की ई मेजर. या तिघी एकाच ओळीत असायला हव्या होत्या. तक्त्यावर त्या तीन कोपऱ्यांत आहेत.

जी मेजरसाठी एकच बोटरचना दिली आहे: सहाव्या तारेवर मधलं बोट, पाचवीवर तर्जनी, पहिलीवर अनामिका. ही चुकीची नाही. पण सहाव्या तारेवर अनामिका, पाचवीवर मधलं बोट आणि पहिलीवर करंगळी ठेवली तर जीवरून सीवर जाताना अनामिका आणि मधलं बोट दोन्ही आहे त्या फ्रेटवरून फक्त एकेक तार सरकतात. जी आणि सी ही जोडी इतक्या गाण्यांत येते की ही दुसरी रचना छापायलाच हवी होती. माझ्याकडे नव्यानं आलेल्या, नातवंडं असलेल्या एक बाई जीवरून सीवर येताना दर वेळी थबकायच्या. करंगळीवाली जी त्यांना सुरुवातीला अवघड गेली, पण ती बसल्यावर त्यांची लय तुटायची थांबली. “हे तक्त्यात का नाही हो ताई?” असं त्यांनी विचारलं, आणि ते खरंच तिथे असायला हवं.

एफ मेजरची तर फक्त पूर्ण बार दिली आहे. पहिल्या फ्रेटवर सहाही तारा दाबणं हे फ्रेटबोर्डवरच्या अवघड कामांपैकी एक, कारण नटजवळ, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीजवळ, तार सगळ्यात ताठ लागते. त्याआधी चार तारांची छोटी एफ शिकवावी: चौथ्या तारेवर ३रा फ्रेट, तिसरीवर २रा, आणि दुसरी-पहिली मिळून तर्जनीखाली १ला. ती चौथ्या तारेपासूनच वाजवायची. किंवा पहिली तार मोकळी सोडून एफ मेजर सेव्हन, जी अनेक ठिकाणी एफच्या जागी गोडच वाटते. बार शिकायचीच असेल तर ५व्या फ्रेटवर, ए मेजर म्हणून शिका आणि हळूहळू खाली या. बार जमेना म्हणून गिटार कपाटात ठेवून दिलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यामुळे या एका चौकटीबद्दल मी इतकं आग्रहानं लिहिते आहे.

दोन्ही बाजूंच्या चित्रांची दिशाही वेगळी आहे. कॉर्डच्या चौकटीत तारा उभ्या, जाड तार डावीकडे. स्केलच्या चित्रात तारा आडव्या, जाड तार खाली. दोन्ही पद्धती जगभर रूढ आहेत, तक्त्यानं काही वावगं केलेलं नाही. पण एकाच तक्त्याच्या दोन बाजूंना दोन दिशा म्हटल्यावर नवखा गोंधळतोच. आडव्या चित्रात जाड तार खाली का, हे गिटार मांडीवर घेऊन फ्रेटबोर्डवर वाकून पाहिलं की कळतं: आपल्या नजरेला जाड तार सगळ्यात जवळची दिसते. मी कॉर्डची बाजू भिंतीवर लावताना तक्ता नव्वद अंश डावीकडे वळवून लावते. मग नट डावीकडे येतो, जाड तार खाली येते आणि दोन्ही बाजूंची दिशा एक होते. अक्षरं आडवी दिसतात तेवढं चालवून घ्यावं.

छपाई स्वच्छ आहे, ठिपके लांबून दिसतात. पण ए लाल आणि सी हिरवा ही रंगांची निवड बदलायला हवी. माझ्या एका विद्यार्थ्याला लाल-हिरवा फरक ओळखू येत नाही आणि त्याच्यासाठी दोन्ही घरं सारखीच. मी सगळ्या सीभोवती चौकोन काढून दिले. आकारानंच फरक दाखवला असता तर हे करावं लागलं नसतं. तक्ता घडी घालून येतो आणि एक घडी बरोबर ८व्या फ्रेटवरून जाते, तिथे फिल्म नीट टेकत नाही. जड पुस्तकांखाली काही दिवस सपाट ठेवल्यावर बरीच सुधारणा होते. लॅमिनेशन चकचकीत आहे, खिडकीसमोर लावू नका.

फोनवरची अॅप असताना कागदाचा तक्ता कशाला, असं मला विचारलं जातं. अॅप सूर ऐकवतं, चुकीच्या फ्रेटवर बोट पडलं तर काही अॅप तेही सांगतात, हे तक्त्याला कधीच जमणार नाही. ट्यूनर आणि मेट्रोनोमसाठी फोन हवाच. पण छोट्या पडद्यावर एका वेळी एकच पॅटर्न दिसतो, आणि मी वर म्हटलं तो दुभंग तिथे आणखी रुंदावतो. सगळा फ्रेटबोर्ड एका नजरेत, डोळ्यांच्या उंचीवर, दोन्ही हात गिटारवर मोकळे, हे कागदालाच साधतं.

अगदी पहिल्या दिवसापासून शिकणाऱ्याला मी हा तक्ता देणार नाही. ज्याच्या हातात सात-आठ मोकळ्या कॉर्ड बसल्या आहेत, त्या न थांबता बदलता येतात, आणि आता पुढे काय असा प्रश्न पडला आहे, त्याच्यासाठी तो उत्तम. पाचही पॅटर्न एकदम घेऊ नका. पहिला आणि दुसरा घ्या, मेट्रोनोम ६० वर, एका ठोक्याला दोन सूर, पिक खाली-वर असा आळीपाळीनं. पॅटर्न नेहमी सर्वात खालच्या सुरापासून सुरू करण्यापेक्षा एपासून सुरू करून एवर संपवा, म्हणजे घर पक्कं होतं. मग पहिल्यातून दुसऱ्यात एकाच तारेवरून जा: पहिल्या तारेवर ५, ८, १०. प्रत्येक तारेवर असं एक दार आहे आणि ती सगळी दारं तक्त्यावर दिसतात.

डावखुऱ्यांसाठी वेगळी आवृत्ती नाही, आणि उजव्या हातानं दाबणाऱ्याला सगळी चित्रं मनात उलटवावी लागतात. फिल्म पारदर्शक असल्यामुळे अर्धं काम मात्र भागतं. फिल्म डावीकडून उजवीकडे पालथी केली की कॉर्डचा आकार डावखुऱ्या गिटारचा होतो, अक्षरं तेवढी उलटी दिसतात. फ्रेटबोर्डसाठी मी माझ्या डावखुऱ्या विद्यार्थ्याला तक्त्याचा फोटो काढून तो आडवा उलटवून छापून दिला: नट उजवीकडे, जाड तार खालीच. फ्रेटचे आकडे आणि सुरांची अक्षरं त्यानं स्वतः हातानं नव्यानं लिहिली. छापताना मूळ तक्त्याचंच माप ठेवायचं, म्हणजे पालथ्या केलेल्या पाचही फिल्म त्यावर नेमक्या बसतात.